फुकट्याचं काय होतं?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं. या वेळचा विषय : निसर्गातलं सहकार्य

आलेल्या पत्रांपैकी निम्म्याअधिक पत्रांत एक वाक्य थोड्याफार फरकानं होतंच : 'मुक्या जिवांत बघा कशी एकी असते, नाहीतर आपण!' उत्तरं लिहिणाऱ्यांना हे पटत नाही. मोहोळात, वारुळात, मुळांवरच्या गाठीत, सगळीकडे फुकटे आहेतच. एकी टिकते ती फुकटेपणा तिथे परवडत नाही म्हणून. का परवडत नाही, ते मात्र जागोजागी वेगळं आहे.

प्रश्न : वेरूळ-अजिंठ्याच्या कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. ती उठली की माशी डंख मारते आणि स्वतःही मरते. मेली तिला पोरंबाळं नाहीत. मग जीव द्यायला तयार असण्याचा गुण पुढच्या पिढीत उतरतोच कसा?
– महाविद्यालयीन विद्यार्थिनी, खुलताबाद

डंख मारणारी माशी जगली असती तर तिला पोरं झाली असती, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नसतं. डंख मारते ती कामकरी माशी. तिचं नराशी मीलन होत नाही, पोळ्यातली वंशवाढ राणीकडे असते. म्हणजे मरताना ती गमावते काय, तर उरलेल्या काही दिवसांचं काम. वाचवते ते अख्खं पोळं, ज्यात तिची आई अंडी घालते आहे आणि त्यातूनच पुढच्या राण्या, म्हणजे तिच्या बहिणी, निघणार आहेत.

हा हिशोब १९६४ मध्ये विल्यम हॅमिल्टन या इंग्रज जीवशास्त्रज्ञानं सूत्रात बसवला. मदतीमुळे नातलगाचा होणारा फायदा घ्या, त्याला नात्याच्या अंशानं गुणा. तो गुणाकार मदत करणाऱ्याच्या तोट्यापेक्षा मोठा असेल तर मदतीचा गुण पिढ्यान्‌पिढ्या वाढत जातो. सख्ख्या भावंडात नात्याचा अंश निम्मा, सावत्र भावंडात पाव, चुलत-मावस भावंडात एक अष्टमांश. स्वतःचा जीव देऊन दोनपेक्षा जास्त सख्खी भावंडं वाचत असतील तर सौदा फायद्याचा. माशीला हे गणित येत नाही, यायची गरजही नाही. ज्यांच्या वागण्यातून तोटा झाला त्यांचा वंश मागे पडला, एवढंच.

इथवर पुस्तकात सापडतं. पुढे एक गडबड आहे. मधमाशी, गांधीलमाशी आणि मुंगी यांच्यात नर निघतो तो अफलित अंड्यातून, म्हणून त्याच्याकडे गुणसूत्रांचा एकच संच असतो आणि तो सगळ्या मुलींना सारखाच मिळतो. त्यामुळे एकाच बापाच्या बहिणींमधलं नातं निम्म्याऐवजी पाऊण भरतं. पोटच्या मुलीशी निम्मं, बहिणीशी पाऊण, म्हणून म्हणे बहिणी सांभाळणं फायद्याचं. ऐकायला छान आहे. पण मधमाशीची राणी एका नरावर थांबत नाही. घरगुती युरोपीय माशीची राणी साधारण दहा ते वीस नरांशी मीलन करते, आग्या माशीची त्याहून बऱ्याच जास्त. वीस बाप धरा : सरासरी नातं येतं ०.२५ अधिक ०.०२५, म्हणजे ०.२७५. पाऊण कुठे आणि पावाच्या जरा वर कुठे! तेव्हा नुसत्या 'पाऊण नात्या'वर आजचं मोहोळ उभं नाही.

मग कशावर? एक, सुरुवात. मुंग्या, माश्या, गांधीलमाश्या यांच्या ज्या ज्या शाखांत असं सामाजिक जीवन उगवलं, त्यांचे मूळ पूर्वज एकाच नराशी मीलन करणारे होते, असं २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनेत दिसलं. सगळ्या भावंडांचा बाप एकच असताना घर बसलं. पुढे कामकऱ्यांची वेगळं घर मांडायची क्षमताच गेली, आणि मग राणीनं कितीही नर केले तरी घर मोडलं नाही.

दुसरं कारण जास्त रंजक आहे : पहारा. कामकरी माशीला मीलन जमत नसलं तरी अफलित अंडी घालता येतात, त्यातून नर निघतात. म्हणजे फुकटेपणाची सोय आहे. राणीचा मुलगा कामकरीचा भाऊ, त्याच्याशी नातं पाव. दुसऱ्या कामकरीचा मुलगा हा भाचा, त्याच्याशी वीस बापांच्या पोळ्यात नातं ०.२७५ च्या निम्मं, साधारण ०.१४. भाच्यापेक्षा भाऊ जवळचा. म्हणून एकीनं चोरून घातलेलं अंडं दुसरी हुंगून ओळखते आणि खाऊन टाकते. हा तर्क फ्रान्सिस रॅटनिक्स यांनी १९८८ मध्ये मांडला, पुढच्याच वर्षी प्रयोगात तो दिसला. युरोपीय माशीच्या राणी असलेल्या पोळ्यात कामकऱ्यांचा मुलगा असलेला नर हजारात एखादाच सापडतो. राणी मेली आणि नवी तयार झाली नाही की हाच पहारा ढिला पडतो, कामकऱ्या भराभर अंडी घालतात, आणि मग ते पोळं संपतंच.

लेण्यांत जाणाऱ्यांसाठी थोडं. डंखाबरोबर धोक्याचा वास सुटतो. त्यातला मुख्य घटक आयसोअमाईल ॲसिटेट, त्याचा वास पिकलेल्या केळ्यासारखा असतो. एक माशी चावली की त्याच जागी बाकीच्या येतात त्या या वासावर. हात झटकत उभं राहू नका. तोंड-डोकं कापडात गुंडाळून सरळ पळा आणि बंद खोलीत किंवा गाडीत शिरा. पाण्यात उडी मारू नका, माश्या वर घिरट्या घालत थांबतात. रुतलेली नांगी विषाची पिशवी घेऊनच तुटलेली असते आणि विष ढकलत राहते, म्हणून ती नखानं खरवडा नाहीतर चिमटीनं ओढा, कशीही काढा पण लगेच काढा. डंख पुष्कळ असतील, किंवा एकाच डंखानं श्वास लागत असेल, ओठ-घसा सुजत असेल, तर घरगुती उपचारात वेळ न घालवता दवाखाना गाठा.

प्रश्न : वाळवीतही नर फक्त मीलनापुरताच असतो का?
– दहावीचा विद्यार्थी, कळमनुरी

नाही. वारुळात राणीबरोबर राजाही वर्षानुवर्षं राहतो, आणि कामकऱ्यांत नर-मादी दोन्ही असतात. वाळवी मुंगीच्या कुळातली नाहीच, ती झुरळाच्या गोतातली. तिच्यात पाऊण नात्याची भानगड नाही, सगळ्यांकडे गुणसूत्रांचे दोन संच, तरी समाज एवढा पक्का. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती जमतात त्या पंखवाल्या वाळव्या बघा : पंख झडले की एक नर आणि एक मादी जोडीनं जमिनीत शिरतात आणि आतून भोक बुजवतात. पुढची सगळी प्रजा त्या एका जोडप्याची. वर एकाच बापाच्या घराबद्दल जे म्हटलं त्याला वाळवीचीही साक्ष आहे.

प्रश्न : आमच्या आखाड्यावर सातभायांचा थवा आहे. कधी सहा, कधी नऊ. एकाच घरट्यातल्या पिल्लांना तिघं-चौघं चारताना दिसतात. त्यातले आई-बाप कोण आणि बाकीच्यांना काय पडलंय?
– शेतकरी, औसा

बाकीचे बहुधा त्याच जोडप्याची आधीच्या विणीची पोरं असतात. सातभाई मोठे झाल्यावर लगेच वेगळे निघत नाहीत. कारण आपल्याकडच्या एकत्र कुटुंबासारखंच आहे : वेगळं निघायला रान कुठे आहे? चांगल्या बाभळी-बोरी, पाणी आणि किडे असलेला प्रत्येक तुकडा कुठल्या ना कुठल्या थव्यानं धरलेला असतो. एकट्यानं बाहेर पडायचं म्हणजे ससाण्याच्या तोंडी. तेवढा काळ घरी राहून भावंडं वाढवली तर नात्याचा वाटा मिळतो, आणि थवा मोठा झाला की स्वतःचंही रक्षण होतं.

जागेची अडचण हेच कारण आहे हे कसं ठरवायचं? सेशेल्स बेटांवर एका छोट्या वटवट्या पक्ष्यावर हे करून बघितलं गेलं. त्या काळी जगात हा पक्षी कझिन नावाच्या एकाच लहान बेटावर उरला होता, सगळं बेट भरलेलं, आणि तरणी पोरं आई-बापांकडे मदतनीस म्हणून राहिलेली. १९८८ मध्ये यान कोमडूर आणि सहकाऱ्यांनी त्यातले २९ पक्षी शेजारच्या मोकळ्या आरिड बेटावर सोडले. तिथे मदतनीस दिसेनात, जो तो आपलं घरटं बांधू लागला. चांगल्या जागा भरत गेल्या तसे मदतनीस परत दिसायला लागले. पक्षी तोच होता, रान तेवढं बदललं होतं.

झाडाच्या शेंड्यावर एक सातभाई पहाऱ्याला बसतो, त्याबद्दलही तुम्ही विचारलं आहे. त्याला आपण त्याग म्हणतो, पण कलहारी वाळवंटातल्या मीरकॅट या मुंगसाच्या कुळातल्या प्राण्यावर टिम क्लटन-ब्रॉक यांच्या गटानं १९९९ मध्ये जे दाखवलं ते लक्षात ठेवावं : पोट भरलं की मगच प्राणी पहाऱ्यावर चढतो, आणि शिकारी पहिला त्यालाच दिसत असल्यामुळे पळायलाही त्यालाच जास्त वेळ मिळतो. पहारा सगळ्यांच्या उपयोगाचा, पण पहारेकऱ्याच्या तोट्याचा असेलच असं नाही.

आणि फुकट्या? तो तर तुमच्या शिवारात ओरडून सांगतो. 'पेरते व्हा' म्हणणारा पावशा आणि काळा-पांढरा चातक, दोघंही सातभायांच्या घरट्यात अंडं घालतात. सातभायांची अंडी निळी, यांचीही निळी. मग चार-पाच मदतनिसांची सगळी मेहनत परक्या पिल्लाच्या चोचीत जाते. नात्यावर उभी असलेली व्यवस्था नातं ओळखण्यात चुकली की अशी लुटली जाते.

मोजायचं असेल तर घरट्यापासून तीस-चाळीस मीटर लांब, सावलीत, दुर्बीण घेऊन तासभर बसा. पक्षी एकमेकांसारखे दिसतात, त्यामुळे खेपा मोजून चारणारे किती ते कळत नाही. एका मिनिटाच्या आत लागोपाठ किती वेगळे पक्षी चारा घेऊन आले ते टिपा, त्यातला सगळ्यात मोठा आकडा म्हणजे 'किमान इतके तरी चारणारे'. घरट्याजवळ जाऊ नका. तुम्ही कुठे बघता त्यावर कावळ्याचं लक्ष असतं.

प्रश्न : सोयाबीनला दरवर्षी रायझोबियम लावतो, तरी काही वर्षी गाठीच नीट येत नाहीत. शेजारी म्हणतो, झाड आणि जिवाणूची दोस्ती निसर्गतःच असते, पाकिटाला पैसे घालू नकोस. खरं काय?
– शेतकरी, परभणी जिल्हा

दोस्ती म्हणण्यापेक्षा उधारी-वसुलीचा व्यवहार म्हणा. मूळ जिवाणूला साखर देतं, जिवाणू हवेतलं नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात देतो. आता एका झाडाच्या मुळावर अनेक वाणांचे जिवाणू गाठी करतात. एखाद्यानं साखर खाल्ली आणि नत्र दिलंच नाही तर? बाकीच्यांच्या नत्रावर झाड जगेल, आणि हा आरामात वाढेल. असं असतं तर जमिनीत आज सगळे कामचुकारच उरले असते.

टोबी कियर्स आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये नेमकं सोयाबीनवरच हे तपासलं. काही गाठींभोवतीची हवा बदलली : नत्रवायू काढला, त्याजागी आर्गॉन ठेवला, प्राणवायू तसाच. म्हणजे आतल्या जिवाणूची इच्छा असो-नसो, नत्र देणं त्याला अशक्य. त्या गाठींतली जिवाणूंची वाढ शेजारच्या चालू गाठींच्या साधारण निम्मीच झाली, आणि झाडानं तिथला प्राणवायूचा पुरवठा आवळल्याच्या खुणाही दिसल्या. झाड न देणाऱ्याची रसद तोडतं. दोन्ही गाठी एकाच झाडावर होत्या, त्यामुळे जमीन वेगळी, पाणी वेगळं असली पळवाट उरत नाही.

तुमच्या शेताचं बघू. शेजाऱ्याचं निम्मं खरं आहे : ज्या रानात वर्षानुवर्षं सोयाबीन आहे तिथे जुने जिवाणू असतात. पण ते टिकाऊ असतात, कामसू असतीलच असं नाही, आणि गाठीत जागा पटकावण्यात पाकिटातल्या वाणाला मागे टाकतात. म्हणून नवा वाण थेट बियाण्यावर, उगवणाऱ्या मुळाच्या अगदी जवळ, भरपूर संख्येनं लागायला हवा. एकदा लावला की कायमचं काम झालं, असं होत नाही.

प्रमाण : भुकटीचं संवर्धक असेल तर १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, द्रवरूप असेल तर १० किलोला १०० मिली. एकरी ३० किलो बियाणं धरलं तर ७५० ग्रॅम किंवा ३०० मिली. भुकटी चिकटण्यासाठी एक लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम द्रावणात जिवाणू मरतात, आणि घाईत हीच चूक होते. बियाणं ताडपत्रीवर पसरून द्रावण नुसतं शिंपडा, भिजवू नका, हलक्या हातानं खालीवर करा. सोयाबीनचं टरफल फार नाजूक, जोरात चोळलं की सुटतं आणि उगवण जाते. मग सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा.

बिघडतं ते बहुतेक क्रमात. बुरशीनाशक आधी, कीटकनाशक नंतर, जिवाणू सगळ्यात शेवटी. तिन्ही एकाच घमेल्यात कालवले तर पाकिटाचे पैसे पाण्यात. दुसरं, मोंढ्यातून आणलेलं पाकीट गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याखाली ठेवणं. अंतिम तारीख बघाच, पण उन्हात तापलेलं पाकीट तारखेच्या आतलं असूनही मेलेलं असतं. सोयाबीनचं संवर्धक हरभऱ्याला चालत नाही, हरभऱ्याचा जिवाणू निराळा. चौथं कारण युरिया. जमिनीत आयतं नत्र मिळालं की झाड गाठींवर साखर खर्च करत नाही. आणि पाचवं तुमची काळी जमीन : आठवडाभर पाणी साचलं की मुळाशी हवा राहत नाही, गाठी गुदमरतात. अशा रानात रुंद वरंबा-सरीवर पेरणी केली तर फरक पडतो.

तपासणी फुलोऱ्याच्या सुमाराला, पेरणीनंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी करा. झाड उपटू नका. बारीक मुळं तुटतात, गाठी मातीत राहतात आणि 'गाठीच नाहीत' असा समज होतो. कुदळीनं मातीच्या ढेकळासकट काढा, बादलीत भिजवून माती सोडवा. चार-पाच गाठी ब्लेडनं मधोमध कापा. आत गुलाबी-लालसर रंग असेल तर गाठ काम करते आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा. पांढरट असेल तर गाठ अजून सुरू झालेली नाही किंवा होणारच नाही, हिरवट-तपकिरी म्हणजे संपलेली. पुष्कळ गाठी पण सगळ्या पांढऱ्या, यापेक्षा मोजक्या पण लाल गाठी बऱ्या.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या माझ्या नोट्समध्ये 'प्राणी प्रजातीच्या अस्तित्वासाठी त्याग करतात' असं वाक्य आहे. बरोबर का?
– नांदेड

खोडा ते. १९६२ मध्ये व्ही. सी. विन-एडवर्ड्स यांनी, प्राणी समूहाच्या भल्यासाठी आपली वीण स्वतःहून आवरतात, असं मांडलं होतं. अडचण अशी की आवरणाऱ्यांच्या थव्यात एक न आवरणारा निघाला तरी पुढच्या पिढीत त्याचीच पिल्लं जास्त, आणि काही पिढ्यांत आवरणारे संपले. १९६६ मध्ये जॉर्ज विल्यम्स यांनी हा मुद्दा कसून मांडला. आपल्या जवळचं उदाहरण धारवाडचं आहे. १९६०च्या दशकात युकिमारू सुगियामा यांनी तिथल्या वानरांत पाहिलं की बाहेरून आलेला हुप्प्या टोळी ताब्यात घेतो तेव्हा आधीच्या नराची तान्ही पिल्लं मारली जातात. पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते. यात प्रजातीचा फायदा शोधून सापडत नाही, त्या नराचा सापडतो. समूहासमूहांतली निवड अगदीच होत नाही असं नाही, पण समूहातले सगळे एकमेकांचे जवळचे नातलग असतील तर तिचं गणित आणि हॅमिल्टनचं गणित एकाच उत्तरावर येतं.

प्रश्न : २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यात वानरांनी कुत्र्यांचा सूड घेतल्याच्या बातम्या होत्या. वानरं सूड घेतात?
– माजलगाव

वानरं कुत्र्याची पिल्लं उचलून झाडावर, छतावर नेत होती आणि वन विभागानं दोन वानरं पकडून नेली, इतकं घडलं. सूडाचा पुरावा त्यात नव्हता. वानरांच्या माद्या एकमेकींची पिल्लं अंगाखांद्यावर घेतात, पळवतात, परतही देतात. कुत्र्याचं पिल्लू उंचावर नेलं तर तिथे त्याला दूध नाही, उतरता येत नाही. मरायला तेवढं पुरतं. 'सूड' हा शब्द मथळ्याला मात्र फार बरा.

प्रश्न : शाळेत सहकार्यावर प्रकल्प द्यायचा आहे. गोष्ट सांगण्यापेक्षा मुलांना करून बघता येईल असं काही?
– शिक्षक, अंबाजोगाई

दोन किलो चिंचोके आणि एक शिट्टी, बास.

मुलं समोरासमोर जोडीनं बसवा. शिट्टी वाजली की दोघांनी एकदम हात पुढे करायचा : उघडा तळवा म्हणजे 'मदत केली', मूठ म्हणजे 'राखून ठेवलं'. दोन्ही तळवे तर दोघांना तीन-तीन चिंचोके. दोन्ही मुठी तर एक-एक. एक मूठ, एक तळवा तर मुठीला पाच, तळव्याला शून्य. नियम फळ्यावर लिहा, बोलायला बंदी.

पहिल्या फेरीत प्रत्येक खेळीनंतर जोडीदार बदला. दहा खेळ्यांत वर्गभर मुठी दिसायला लागतात. दुसऱ्या फेरीत जोडीदार कायम ठेवा आणि खेळ्या किती हे सांगू नका. तळवे वाढतात. तिसऱ्या फेरीत 'बरोबर दहा खेळ्या' असं आधी सांगा आणि दहाव्या खेळीला बघा. उद्या भेट नाही म्हटलं की आज देणाऱ्यांचे हात आखडतात. खेळ्यांचा आकडा चुकून आधीच सांगितला गेला की दुसरी फेरीही नासते, तेवढं सांभाळा.

आपल्याकडची सावड हेच करते. एकाकडे एक बैल, दुसऱ्याकडे एक. दोघं मिळून औत, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. ती टिकते कारण बांधाला बांध लागलेला आहे, पुढचा खरीपही याच माणसाबरोबर काढायचा आहे. रॉबर्ट ट्रायव्हर्स यांनी १९७१ मध्ये बिननात्याच्या परस्पर मदतीचा विचार मांडला तो याच अटींवर : पुन्हा गाठ पडणं, ओळख पटणं, मागचं लक्षात राहणं. कोस्टा रिकातली रक्तपिपासू वटवाघळं हे त्याचं गाजलेलं उदाहरण. दोन-तीन रात्री उपाशी राहिलं तर त्यातलं वटवाघूळ मरतं, म्हणून पोट भरलेलं वटवाघूळ उपाशी सोबत्याला रक्त ओकून देतं. १९८४ मध्ये जेराल्ड विल्किन्सन यांनी हे नोंदवलं. नातलगांना देतातच, पण ज्यानं आधी दिलं होतं त्यालाही देतात. (आपल्याकडच्या लेण्यांतली वटवाघळं रक्त पीत नाहीत, मुलांना हे आधी सांगा, नाहीतर सहलीत पंचाईत.)

रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी हाच खेळ संगणकावर लावला. पहिल्या स्पर्धेत १४ जणांनी डावपेच पाठवले, प्रत्येक सामना २०० खेळ्यांचा. जिंकला तो सगळ्यात छोटा डाव, अनातोल रॅपोपोर्ट यांचा : पहिल्यांदा मदत करा, मग समोरच्यानं मागच्या खेळीला जे केलं तेच करा. दुसऱ्या स्पर्धेत साठाहून जास्त डावपेच आले, तरी तोच जिंकला. त्याचं दुखणं एकच. एखादी मूठ चुकून पडली की दोघं आळीपाळीनं एकमेकांना फसवत बसतात, पाच-शून्य, शून्य-पाच, सरासरी तीनावरून अडीचवर. यावर मार्टिन नोव्हाक आणि कार्ल सिगमुंड यांनी १९९२ मध्ये तोड दाखवली : फसवलं गेल्यावर अधूनमधून सोडून द्यायचं. आपल्या तीन-पाच-एक-शून्य या गुणांना ते प्रमाण साधारण तीनांत एकदा असं येतं. चौथ्या फेरीत मुलांना फासा द्या. फसवलं गेल्यावर एक किंवा दोन पडले तर माफ, बाकी आकड्यांना मूठ. एका मुलाला मुद्दाम चूक करायला सांगा आणि कुठली जोडी लवकर सावरते ते मोजा.

प्रश्न : धुऱ्यावरच्या बोरीच्या काट्यांत राखाडी जाळ्याचं गठुडं असतं, आत शेकडो कोळी. कोळी तर एकटे राहतात ना?
– धारूर

बहुतेक जाती एकट्याच. तुम्ही पाहिलेला बहुधा स्टेगोडिफस गटातला सामाजिक कोळी असावा. भारतातल्या कोरड्या, काटेरी रानांत तो आढळतो. गठुडं हे घर, भोवतीची पसरट जाळी सापळा. मोठा टोळ अडकला की अनेक कोळी मिळून त्याला ओढतात. माद्या एकमेकींच्या पिल्लांना खाल्लेलं ओकून भरवतात, आणि शेवटी पिल्लं त्या माद्यांनाच खातात. इतकी टोकाची मदत कशी? एकाच गठुड्यात पिढ्यान्‌पिढ्या आपसात मीलन, म्हणून सगळे जवळचे नातलग. त्याची किंमतही आहे : वाण एकसारखा झाला की एखाद्या रोगासरशी सगळं गठुडं मोकळं होऊ शकतं. पाहायचं तर वाळक्या काडीचं टोक जाळीला लावून हलकेच थरथरवा. जाळी तोडू नका.

प्रश्न : सीताफळाच्या बागेत जिथे मुंग्यांची रांग तिथे पिठ्या ढेकूण जास्त. मुंग्या त्याला खात नाहीत का? आधी मारायचं कुणाला?
– बागायतदार, बीड तालुका

मुंगी त्याची राखण करते. पिठ्या ढेकूण झाडाचा रस पितो, जास्तीची साखर चिकट थेंबांनी बाहेर टाकतो, मुंगी ती चाटते आणि बदल्यात त्याच्या शत्रूंना हाकलते. दोघांचं जमतं, खर्च झाडाचा. म्हणून आधी मुंग्यांची वाट तोडा, ढेकणाचं मग बघू.

जमिनीपासून दीड-दोन फुटांवर बुंध्याची सुटी साल खरवडून प्लास्टिकची वीतभर रुंद पट्टी घट्ट गुंडाळा. खाली फट राहिली तर मुंग्या पट्टीखालून जातात, ती चिखलानं किंवा सुतळीनं बंद करा. चिकट पदार्थ किंवा ग्रीस पट्टीवर लावा, सालीवर नको, साल पोळते. मग जमिनीला टेकलेल्या फांद्या आणि बुंध्याला लागलेलं तण काढा, नाहीतर मुंग्यांना दुसरा पूल तयारच असतो. बहुतेक बागांत पट्टी असूनही उपयोग होत नाही तो यामुळे. आठवड्यातून एकदा बोट लावून बघा. धूळ बसून चिकटपणा गेला असेल तर पुन्हा लावा.

वाट तुटल्यावर क्रिप्टोलिमस हा भुंगेरा सोडला तर तो ढेकणांवर ताव मारतो. मुंग्या असताना सोडला तर त्या त्याला टिकू देत नाहीत. सोडण्याआधी आणि नंतर जहाल कीटकनाशक फवारू नका. आणि त्याची अळी ओळखायला शिका : अंगावर पांढरे मेणाचे झुबके असल्यामुळे ती मोठ्या पिठ्या ढेकणासारखीच दिसते आणि मजूर तिला चिरडून टाकतात. काडीनं डिवचा. ढेकूण बसल्या जागीच राहतो, अळी चालू लागते.